तिसऱ्या ओळीचा गोलकी

श्रावण सरत आला की आमच्या धावड्याच्या शिवारात पांढरी कापडं चढतात. बांबू रोवायचे, तारा ओढायच्या आणि मच्छरदाणीसारखं बारीक जाळीचं कापड चारी अंगांनी लावून घ्यायचं. आत मिरची असते. लांबून बघितलं तर वाटतं, रानात कुणीतरी आजारी माणूस झाकून ठेवलाय. माझी सून रेखा यंदाही परवापासून तिथं जायला लागली. संध्याकाळी घरात येते तेव्हा तिच्या आधी मिरचीच्या पानाचा तो हिरवा, उग्र वास आत येतो. तिच्या पदराला लाल लोकरीचे तुकडे चिकटलेले असतात. मी ते वेचून चुलीत टाकते. तिला वाटतं, सासू नीटनेटकी आहे.

या कामाला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. मिरचीच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात राहतात. संकरित बी करायचं तर फूल उमलायच्या आदल्या दिवशी, कळी मिटलेली असतानाच, चिमट्याने तिच्यातले नर काढून टाकायचे. त्याला कळी सोलणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि खूण म्हणून देठाला लाल लोकरीचा दोरा बांधायचा. सोलायच्या आधी कळी उमलली तर ती गेली, खुडून फेकायची. तिला खोटा दोरा बांधला तरी फळ लागतं, बी धरतं, दिसायला काही फरक नसतो. फरक कळतो तो पुढच्या पेरणीत. तोवर बांधणारी बाई विसरलेली असते. मी विसरले नाही.

माझा मोठा मुलगा दुसरीत होता त्या वर्षी आमच्या गावात हे काम नवं होतं. पाटलांच्या विहिरीजवळ पहिली जाळी चढली आणि आम्ही बावीस बाया तिच्यात गेलो. माझी सासू, आत्याबाई, त्याही होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जालन्याहून जीप आली. आधी तिथल्या मस्तगड भागातले पारसभाऊ उतरले. त्यांच्या घराचं तिथं बियाणाचं दुकान, माणसं मूळची राजस्थानची, पण पारसभाऊंचा जन्म जालन्याचा. त्यांच्यामागून एक इतका उंच गोरा माणूस वाकून बाहेर आला की आम्हाला वाटलं, जीपमध्ये तो घडी करून ठेवला होता. पन्नाशी उलटलेली. केस पांढरे की पिवळे ते सांगता येईना. तो हॉलंडचा. मिरचीची कळी कशी सोलायची ते आम्हाला शिकवायला आला होता. त्याचं नाव आमच्या कुणाच्याच तोंडात बसलं नाही.

नाव पडलं ते तिसऱ्या दिवशी. चंद्रकला विहिरीवरून भरला हंडा घेऊन येत होती. चंद्रकला म्हणजे माझ्या शेजारच्या ओळीतली बाई, माझ्याच वयाची, पण तोंडाने माझ्यासारख्या चार जणींची. चिखलात तिचा पाय घसरला, हंडा डोक्यावरून सुटला आणि जाळीच्या दारात उभा असलेला तो एवढा मोठा माणूस आडवा उडाला. खरंच उडाला. दोन्ही हात लांब करून, पोटावर. हंडा त्याने जमिनीपासून वीतभर वर धरला आणि छातीशी घेऊन तसाच चिखलात पडून राहिला. अर्धं पाणी त्याच्या अंगावर, अर्धं हंड्यात. मग चंद्रकला म्हणाली, "आवं, एवढ्या जल्दी तर आमचे मालक ताटावर बी येत न्हाईत!"

हसून हसून बाया खाली बसल्या. पारसभाऊ धावत आले. साहेबाला उठवत म्हणाले, "ताई, हसू नका. हा साधा माणूस न्हाई. तिकडं मोठा गोलकी व्हता हा. फुटबॉलचा, गोलात उभा ऱ्हाऊन चेंडू अडवणारा. पेपरात फोटू यायचे याचे."

"मंग हितं मिरच्यात कशाला आल्ता?" चंद्रकलेने विचारलं.

पारसभाऊंनी ते साहेबाला सांगितलं असावं. साहेब चिखल पुसत काहीतरी बोलला. पारसभाऊ म्हणाले, "साहेब म्हणतो, लंबी कहाणी आहे. रोज थोडी सांगतो."

आणि त्याने खरंच सांगितली. दुपारी भाकरी खाऊन झाली की तो बांधावर बसायचा, पारसभाऊ शेजारी. त्याच्या हातांची बोटं वाकडी होती. दोन तर सरळच होत नव्हती. रोज एक बोट वर करायचा आणि त्या बोटाची गोष्ट सांगायचा. बाया पान खात, एकमेकींच्या उवा बघत ऐकायच्या. मी जरा मागे बसून ऐकायची. चौथीनंतर मला शाळेतून काढलं, तेव्हापासून कुणी माझ्यासमोर बसून काही सांगितलंच नव्हतं. मला त्या बांधावर शाळा भरल्यासारखं वाटायचं.

त्याचं गाव समुद्राहून खाली आहे म्हणे. बांध घालून पाणी अडवलंय आणि बांधाच्या आत माणसं राहतात, गाई चरतात. बांध फुटला की संपलं. मला तेव्हाच वाटलं, अशा गावातला माणूस गोलकीच होणार. बाप दुधाच्या डेअरीत कामाला. अंगणात दोन दुधाची कॅन ठेवायची, तो गोल. थंडीने बोटं फुटायची म्हणून आईने लाल लोकरीचे हातमोजे विणून दिले. ते ओले झाले की दगडासारखे जड व्हायचे. हे सांगताना त्याने माझ्या पिशवीतली लाल लोकरीची गुंडी उचलली, नाकाशी नेली आणि परत ठेवली. करंगळी तेव्हा मोडली, चौदाव्या वर्षी. जमीन गोठलेली होती, त्याने उडी मारली, चेंडू आला आणि करंगळी मागे राहिली. आईला कळू नये म्हणून मोजा घालूनच जेवला.

मग तो मोठ्या शहराच्या संघात गेला. मला वाटलं, आता टाळ्या वाजणार. पण तिथं आधीच एक गोलकी होता, फार नावाजलेला. आमच्या साहेबाला बाकावर बसवलं. सात वर्षं. खेळ असेल तिथं जायचं, कपडे घालायचे, अंग गरम करायचं आणि बसायचं. इतरांच्यात कुणी थकला तर बदलतात, गोलकीला सहसा कुणी बदलत नाही.

"सात साल!" पारसभाऊ स्वतःच चकित होऊन म्हणाले. "खाली बसून!"

"आमी बाया तर जलमभर बसतो," चंद्रकला म्हणाली. "त्येचा फोटू न्हाई आला कुठं."

साहेबाला ते कळलं तेव्हा तो हसला, पण पुढचं सांगताना हसला नाही. म्हणाला, त्या सात वर्षांत मी रोज मनात म्हणायचो, याचा पाय मोडू दे. आणि एक दिवस खरंच मोडला. मला आत जायला सांगितलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्याकडे बघून हात हलवला. मग कळलं, टाळ्या त्याच्यासाठी होत्या, झोळीत घालून बाहेर नेत होते त्याच्यासाठी.

पुढे अकरा वर्षं तो गोलात उभा राहिला. त्या अकरा वर्षांचं त्याने फार थोडं सांगितलं. किती चेंडू अडवले, कसे अडवले, काही नाही. मीच एकदा धीर करून चंद्रकलेच्या कानात सांगितलं आणि तिने विचारलं, "एखांदा चांगला अडवलेला सांगा की." साहेब विचार करत राहिला. मग म्हणाला, "अडवलेला चेंडू परत मैदानात जातो. खेळ चालू राहतो. तो कशाला कुणाच्या ध्यानात राहील? आत गेलेला मात्र जाळीत पडून राहतो, सगळे येऊन बघतात."

आत गेलेला त्याने सांगितला. हंगामाचा शेवटचा सामना, हरले तर संघ खालच्या फळीत जाणार. आदल्या दिवशी सरावात त्याचं अनामिका बोट मोडलं. कुणाला सांगितलं नाही. बाकावर आता एक नवा, तरणा गोलकी बसत होता, आणि तो मनात काय म्हणत असेल ते साहेबाला चांगलं माहीत होतं. मोजा घट्ट बांधला आणि गेला. शेवटच्या घडीला एक चेंडू आला. अवघड नाही, लहान मूलही धरील असा. त्याच्या हातात आला आणि मोडलेल्या बोटावरून निसटून मागे गेला. संघ खाली गेला. वर्षभरात साहेबाला घरी पाठवलं. मग मेहुण्याच्या काचघरात मिरच्या सांभाळायला लागला, तिथून बियाणात. आजही तिकडं न्हाव्याकडे गेला तर न्हावी म्हणतो, तूच ना तो, ज्याच्या हातून चेंडू गेला?

"बोट मोडलंय म्हणून सांगितलं असतं तर?" पारसभाऊंनी आपल्या मनाने विचारलं आणि मग आम्हाला उत्तर सांगितलं. "साहेब म्हणतो, तेच. आधी सांगितलं असतं तर आज इज्जतीत असतो. म्हणून तो तुम्हाला सांगून राह्यला, काही दुखलं-खुपलं, चूक झाली, तर आधी बोला. लपवू नका."

बायांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

त्याने आम्हाला नियमही गोलकीचाच घालून दिला. एका ओळीत एकच बाई. ओळीच्या टोकाला नंबराची पाटी, बीची पिशवी त्याच नंबराची. दुसरीने त्या ओळीला हात लावायचा नाही. फुटबॉलमध्ये हात लावायला एकट्या गोलकीला परवानगी असते, तसंच हे. माझी तिसरी ओळ. साहेब रोज संध्याकाळी ओळीतून वाकून फिरायचा, चुकून उमललेलं फूल शोधायचा. माझ्या ओळीत सापडायचं नाही. एकदा तो पूर्ण ओळ फिरून आला, माझ्यासमोर दोन्ही रिकामे तळवे दाखवले आणि हसला. मी पदर तोंडावर घेतला. पण घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते.

भाद्रपदात पारसभाऊंनी सांगितलं, "पुढच्या साली दहा गावात काम जाणार. शिकवायच्या कामाला साहेबाला एक बाई पाहिजे. जालन्याला महिनाभर शिकायचं, मंग गावोगाव फिरून दुसऱ्या बायांना शिकवायचं. साहेबानं या ताईचं नाव घेतलं." आणि माझ्याकडे बोट केलं.

बाया बघायला लागल्या. चंद्रकला म्हणाली, "ही? ही तर वरणात मीठ न्हाई हे सांगायला बी लाजती."

"हातानं शिकवायचं आहे, तोंडानं न्हाई," पारसभाऊ म्हणाले.

मला शाळेतल्या आमच्या बाई आठवल्या. त्यांच्या पायात चपला असायच्या आणि खांद्याला पिशवी. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, पाटीलसुद्धा. आमच्यात बाई हा शब्द सगळ्याच बायांना आहे, पण त्या हाकेत वेगळी अदब होती. मला ती हाक पाहिजे होती. आजवर कुणाला सांगितलं नाही, इथं लिहिते. बाकी काही नको होतं, तेवढी एक हाक.

आश्विन लागला. घट बसले. मिरची अशी फुलांवर आली होती की आदल्या दिवशी मोकळी दिसलेली फांदी दुसऱ्या दिवशी कळ्यांनी वाकलेली असायची. आणि दुसऱ्या माळेला मला विटाळ आला.

आत्याबाईंनी सकाळी अंथरूण बघितलं आणि म्हणाल्या, "आज जायचं न्हाई."

"आत्याबाई, माझी ओळ..."

"घरात घट बसलेत. आन् मिरचीच्या फडात विटाळाची बाई गेली का फड जळतो. पाटलाचं पीक जळालं तर नाव कोणाचं व्हईल? गप बाजूला बस. पाचव्या दिवशी नहा आन् मंग जा."

मी बाहेरच्या खोपटात बसले. तिथून विहिरीजवळची जाळी दिसायची. उन्हात ती पांढरी फटफटीत. मी डोळे मिटले तरी मला माझ्या ओळीतली एकेक कळी फुगताना दिसायची. आज सकाळी ही उमलली. आता ती. कुणी सोलली नाही. संध्याकाळी आत्याबाई आल्या की मी लांबूनच विचारायची, "ओळीचं काय?" त्या म्हणायच्या, "बघून राह्यले ना मी. चिंता करू नको. कोणाला काही कळू दिलं न्हाई, घरी काम हाय म्हणून सांगितलं."

पाचव्या दिवशी न्हाऊन, ओल्या केसांनीच धावत गेले. तिसरी ओळ लाल झाली होती. प्रत्येक झाडाला दोरे, जवळजवळ प्रत्येक फुलाला. मी वाकून बघितलं. पाकळ्या गळालेल्या, खाली हिरवी फळं टाचणीच्या डोक्याएवढी धरलेली, आणि कोवळ्या देठाला दुहेरी गाठ. आम्हाला साध्या फासाची गाठ शिकवली होती. दुहेरी गाठ आत्याबाईंची, त्या पाळण्याची दोरीही तशीच बांधायच्या. त्यांना जवळचं नीट दिसत नव्हतं, स्वतःच्या ओळीतल्या कळ्याही त्या अंदाजाने सोलायच्या आणि अर्ध्या खुडून टाकायच्या.

"आत्याबाई, ही सोलून बांधली ना?"

"सोलून काय, बांधली म्हंजे झालं. ओळ रिकामी दिसली असती तर त्या लांबड्यानं विचारलं नसतं, ही कुठं गेल्ती? मंग काय सांगणार व्हतीस?"

त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं होतं. ओळीत दुसरीने हात लावायचा नाही म्हणून लपून, साहेब जेवायला गेला की बांधलं होतं.

मला काय करायला पाहिजे होतं ते मला तेव्हाच माहीत होतं. दुहेरी गाठीचं प्रत्येक फळ खुडून फेकायचं. एक दुपार लागली असती. मी खुडायला सुरुवातही केली. सात-आठ खुडली. मग लक्षात आलं, मधल्या चार दिवसांच्या फांद्या साफ उघड्या पडतील. साहेब संध्याकाळी वाकून येईल आणि विचारील. पारसभाऊ माझ्या तोंडाकडे बघतील. दोन परपुरुषांसमोर मी ते कसं सांगणार? मी हात मागे घेतला. साहेब संध्याकाळी आला, लाल दोरे बघितले, मान डोलावली, पुढे गेला. त्या दिवशी त्याने तळवे दाखवले तेव्हा मला हसता आलं नाही.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, मी मोजा घट्ट बांधला तो त्याच दुपारी.

संक्रांतीच्या आधी साहेब गेला. उन्हाळ्यात एक दिवसासाठी परत आला. प्रत्येक नंबराच्या पिशवीतलं बी जालन्याजवळ पेरून बघितलं होतं. आम्हाला पाटलांच्या गोठ्यापुढे बोलावलं. पाटील बाजेवर, चार-दोन गडी उभे, बाया खाली. पारसभाऊंनी कागद वाचला. बाकी सगळ्या ओळी पास. आत्याबाईंचीसुद्धा. तिसरी ओळ नापास. संकराची झाडं कमी आणि नुसती आईसारखी झाडं फार निघाली होती.

साहेब माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. एवढा उंच माणूस, पण माझ्या डोळ्यांच्या रेषेत आला. त्याच्याजवळ रोजच्या हजेरीची वही होती, ती त्याने निकाल लागल्यावरच उघडून बघितली असावी. काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतो," पारसभाऊ म्हणाले, "आश्विनात चार दिवस तुम्ही नव्हत्या. पण त्या चार दिवसांचे दोरे आहेत. कुठं गेल्ता?"

मी बोटाने मातीत रेघ ओढली.

साहेबाने आपला वाकडा हात पुढे केला. ते अनामिका बोट वर केलं आणि माझ्या हाताकडे बघून काही बोलला, अगदी हळू.

"साहेब विचारतो, हात दुखत होता का? काही लागलं होतं का?"

इतकं सोपं करून दिलं होतं त्याने. होय म्हणायचं होतं. खोटं का होईना, एक मान हलवायची होती. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक दातात धरून बसल्या होत्या. चंद्रकलेकडे बघितलं. सगळ्या बायांना माहीत होतं. बावीसच्या बावीस जणींना माहीत होतं की घटाच्या दिवसांत चार दिवस बाई कुठं असते. मी पारसभाऊंकडे बघितलं. त्यांनी नजर बुटाकडे नेली.

मी नाही म्हणून मान हलवली.

साहेब उठला. मग जे बोलला ते पारसभाऊंनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "साहेब म्हणतो, गोलकी गोल सोडून जात नसतो."

ज्याला लोकांनी सगळं आयुष्य एका चेंडूवरून मोजलं, त्यानेच मला चार दिवसांवरून मोजलं. त्याने समजून घ्यायला पाहिजे होतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःशी म्हटलं. पण त्याने विचारलं होतं. बोट वर करून विचारलं होतं. त्याचा राग करावा तर तोही पुरा करता येत नाही.

घरी येताना चंद्रकला म्हणाली, "येडीच हाईस. तुला कोणी सांगितलं व्हतं घरी बसायला? मला काय येत न्हाई व्हय? मी तर जात व्हते. फड जळाला का कुठं?"

"तू जात होतीस?"

"आम्ही सगळ्याच. घरात सांगतच न्हाई."

शिकवायला चंद्रकला गेली. जालन्याला महिनाभर राहून आली. आता ती जीपमधून गावोगाव फिरते, पायात चपला, खांद्याला पिशवी. पाटीलही म्हणतात, "या बाई, बसा." आत्याबाई जाईपर्यंत मला सांगत राहिल्या, "मी तुझी ओळ राखली, लोकांनी नजर लावली." मी कधी उलटून बोलले नाही. पण त्यांच्या पायाला तेल लावताना मला ती दुहेरी गाठ दिसायची.

मोठ्याच्या लग्नाच्या कापडासाठी मस्तगडला गेलो तेव्हा पारसभाऊंनी मला हाक मारली. केस पिकलेले, तरी ओळख लागली. आमचे हे पलीकडच्या दुकानात होते. पारसभाऊंनी चहा मागवला. साहेबाचं विचारलं तर म्हणाले, वारला. दोन साल झाले. जाईपर्यंत पत्रं टाकायचा. "एका पत्रात तुमचं विचारलं होतं. तिसऱ्या ओळीची ती बाई, तिचा हात खरंच दुखत नव्हता का?"

"मग तुम्ही काय लिहिलं?"

"काय लिहिणार?" त्यांनी कपातला चहा फिरवला. "मला त्याच दिवशी बराबर माहीत होतं ताई. आमच्या घरी पण बाया आहेत. पण मी कसं बोलणार? ती तुमच्यातली गोष्ट. तुम्हीच म्हणायचं होतं."

मी चहा तसाच ठेवून उठले. इतक्या वर्षांनी एवढंच निघालं. सगळ्यांना माहीत होतं. एक माहीत नसलेला माणूस विचारत राहिला आणि न कळताच मेला.

धाकट्याने घरात टीव्ही आणला तेव्हापासून त्याच्यावर कधी कधी फुटबॉल दिसतो. पोरं चेंडूकडे बघतात, ओरडतात. मी लसूण सोलत मागे बसते आणि फक्त गोलकीकडे बघते. चेंडू पलीकडे असतो तेव्हा तो कसा एकटाच इकडे-तिकडे फिरतो, हातमोजे ओढतो, खांबाला हात लावून बघतो. कुणी त्याच्याकडे बघत नाही. धाकटा म्हणतो, "आई, तुला काय कळतं यातलं?" मी म्हणते, काही नाही.

गेल्या वर्षीचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले. घट बसले होते. सकाळी उठून बघते तर रेखा बाजूला बसलेली, बाहेर, त्याच खोपटाजवळ.

मी म्हणाले, "जा तू कामावर. काही जळत नाही."

"नको बाई. घट बसलेत. माझ्या आईनं निक्षून सांगितलंय. आन् फडाला काय झालं तर लोक मला म्हणतील."

मी किती सांगितलं. आत्याबाई मरून गेल्या होत्या, तरी त्या पोरीच्या तोंडून बोलत होत्या. ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. आताचा सुपरवायझर, शेतकी शिकलेला तरुण. रस्त्यापलीकडे पारावर सात-आठ माणसं बसलेली. त्याने गाडीवरूनच विचारलं, "काकू, रेखाताई दोन दिवस का येऊन नाही राहिल्या? ओळीचं काही कळलं नाही."

मी ओसरीत उभी. पायरीवर उन्हाचा पट्टा होता. आणि मला तो उकिडवा बसलेला माणूस दिसला, वर केलेलं बोट दिसलं.

मी म्हणाले, "तिला विटाळ आलाय."

आवाज मला वाटलं त्याहून मोठा निघाला. पारावरचं बोलणं थांबलं. सुपरवायझरने गाडीच्या किल्लीकडे बघायला सुरुवात केली. पण मी थांबले नाही. "तिची ओळ आजच दुसऱ्या बाईला द्या. या दोन दिवसांत उमललेली सगळी फुलं खुडून टाका, एक ठेवू नका. आन् खोटा दोरा कोणाला बांधू देऊ नका. वहीत लिहा तसं."

"हो काकू, हो," म्हणत तो लाल कानांनी निघून गेला. पारावर कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. मी आत वळले तर रेखा खोपटाच्या दारात उभी, डोळ्यांत पाणी.

"आई, चारचौघांत माझी इज्जत काढली तुम्ही. ताप आला म्हणलं असतं तर तुमचा जीव गेला असता का? आता मी त्या पाराम्होरून जाऊ कशी?"

मी तिला सांगायला गेले. हॉलंड, बोट, दोरे, तिसरी ओळ. पण कुठून सुरू करायचं ते कळेना आणि ती ऐकायला उभीही राहिली नाही.

उन्हाळ्यात निकाल आला. रेखाची ओळ पास. तिने तो कागद देवीच्या फोटोमागे खोचला आणि शेजारणीला सांगितलं, "देवीनंच सांभाळलं. मी घट पाळले ना."

काल ती पुन्हा चिमटा घासून पिशवीत टाकत होती तेव्हा शेजारीण दारात आली. रेखा हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं. "आमच्या आईला कायबी सांगत जाऊ नका बाई. गावभर करतात."

मी खाली बसून तिच्या पदरातून पडलेले लाल तुकडे वेचत होते. वेचत राहिले. ओळ वाचली, खेळ पुढे गेला, आता ते कुणाच्या ध्यानात राहणार?